किल्ली कोणाच्या कमरेला?

१८ जुलै २०२४, गुरुवार. आदल्याच दिवशी आषाढी एकादशी झाली होती. त्या दुपारी ‘वझीरएक्स’ या मुंबईतून चालणाऱ्या क्रिप्टो एक्स्चेंजच्या ग्राहकांनी मोबाइलवर ॲप उघडलं, तेव्हा पैसे काढण्याची सोय बंद झाली होती. कंपनीच्या एका वॉलेटमधून काही मिनिटांत २३ कोटी डॉलरहून जास्त किमतीची नाणी निघून गेली होती. रुपयांत मोजायचं तर हा आकडा १,९०० कोटींच्या पुढे जातो. त्यात शिबा इनू नावाची दहा कोटी डॉलरहून अधिक मोलाची टोकन होती आणि १५ हजारांवर इथर होते. ग्राहकांची जेवढी आभासी मत्ता कंपनीकडे होती, तिच्यातली सुमारे ४५ टक्के एका झटक्यात गेली.

तिजोरी फोडलेली नव्हती आणि किल्लीही चोरीला गेली नव्हती. ज्यांच्याकडे किल्ल्या होत्या, त्यांनीच त्या फिरवल्या. मात्र आपण काय उघडतो आहोत, हे त्यांना दिसत नव्हतं.

क्रिप्टोच्या धोक्याबद्दल बोलताना पहिला विषय निघतो तो भावाचा. बिटकॉइन नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरच्या आसपास होतं आणि वर्षभरात १६ हजारांच्या खाली आलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने सव्वा लाखाचा टप्पा ओलांडला आणि महिन्या-दीड महिन्यात तिथूनही ते जोराने घसरलं. हे चढउतार खरे आहेत, पण ते सर्वांना दिसतात. कापूस, सोयाबीन, पोलाद किंवा जमिनीच्या व्यवहारात मुरलेल्या उद्योजकाला भावाची भीती नवी नसते. गेल्या दहा-बारा वर्षांत या क्षेत्रात जे मोठे घात झाले, त्यातले बहुतेक भावामुळे झालेच नाहीत. किल्ली कोणाकडे आहे, तिच्यावर पहारा कोणाचा आहे आणि उद्या काही बिघडलं तर उभं कोणाच्या दारात राहायचं, या तीन प्रश्नांची उत्तरं कोणी विचारली नव्हती, म्हणून ते झाले. कंपनीचा पैसा या क्षेत्रात नेऊ पाहणाऱ्या माणसाने भावाच्या आलेखाआधी हे प्रश्न धरायला हवेत.

वझीरएक्सच्या त्या वॉलेटला सहा किल्ल्या होत्या. पाच कंपनीच्या माणसांकडे आणि सहावी ‘लिमिनल’ या मत्ता सांभाळणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे. कोणताही व्यवहार पुढे जाण्यासाठी वझीरएक्सच्या तीन सह्या आणि वर लिमिनलची एक सही लागायची. शिवाय नाणी कोणत्या पत्त्यांवर जाऊ शकतात, याची यादी आधीच ठरवलेली होती. गावातल्या बँकेच्या स्ट्राँगरूमची ही चाल आहे. शाखाधिकाऱ्याकडे एक चावी, रोखपालाकडे दुसरी, दोघं आल्याशिवाय दार उघडत नाही. कागदावर व्यवस्था चोख दिसत होती.

दोष होता तो सही करताना डोळ्यांपुढे येणाऱ्या पडद्यात. पडद्यावर नेहमीचा साधा व्यवहार दिसत होता, प्रत्यक्ष सही होत होती ती वेगळ्याच मजकुरावर. त्या मजकुराने वॉलेटचा कारभार चालवणारा संगणकीय करारच बदलून टाकला आणि मालकी हल्लेखोराकडे गेली. एकदा करार बदलल्यावर सहाही किल्ल्या निरुपयोगी झाल्या. सही करण्यासाठी हातात धरायचं छोटं उपकरण असतं. त्याच्या इवल्या पडद्यावर अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक माळ येते. ती माणसाला वाचता येत नाही, म्हणून माणूस संगणकावर दिसलं त्यावर विश्वास ठेवून बटण दाबतो. या धंद्यात त्याला ‘ब्लाइंड सायनिंग’ म्हणतात, म्हणजे आंधळी सही.

महाराष्ट्राला ही सही जुनी ओळखीची आहे. एकोणिसाव्या शतकात दख्खनचा शेतकरी सावकाराच्या खतावर अंगठा उठवत होता. खतात काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं. सांगितलेली रक्कम एक, लिहिलेली दुसरी. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावापासून दंगे सुरू झाले, तेव्हा लोकांनी जागोजागी सावकारांकडची खतं हिसकावून जाळली. सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आणला. त्यात एक तरतूद अशी होती की शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावा. मजकूर आणि अंगठा यांच्यामध्ये तिसरा, जबाबदार माणूस उभा करण्याचा तो प्रयत्न होता. दीडशे वर्षांनी कोट्यवधी डॉलरच्या मत्तेवर जगातली हुशार माणसं पुन्हा अंगठा उठवू लागली आणि मध्ये निबंधक ठेवायचं राहून गेलं.

वझीरएक्सनंतर सात महिन्यांनी, २१ फेब्रुवारी २०२५ रोजी, दुबईच्या ‘बायबिट’ एक्स्चेंजमध्ये जवळजवळ हेच घडलं. या वेळी रक्कम सुमारे १५० कोटी डॉलर होती, चार लाखांहून अधिक इथर. शेवटची सही खुद्द कंपनीचे मुख्य अधिकारी बेन झोऊ यांची होती. त्यांनी संकेतस्थळाचा पत्ता तपासला होता, पण हातातल्या उपकरणावर पूर्ण तपशील दिसत नव्हता. वॉलेटचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या संगणकातून हल्लेखोर आत शिरले होते आणि बायबिटच्या माणसांना दिसणारा पडदा त्यांनी बदलला होता. अमेरिकेच्या एफबीआयने या चोरीमागे उत्तर कोरिया असल्याचं जाहीर केलं. वझीरएक्सच्या चोरीबद्दलही अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी जानेवारी २०२५ मध्ये संयुक्त निवेदन काढून त्याच देशाकडे बोट दाखवलं. म्हणजे मुंबईतल्या एका स्टार्टअपच्या तिजोरीसमोर एका देशाची फौज उभी होती. कंपनीच्या जोखमीच्या यादीत ही शक्यता सहसा कोणी लिहीत नाही.

*

चोरी झाल्यावर दुसरा प्रश्न आला. या पैशाला जबाबदार कोण?

वझीरएक्सची सुरुवात २०१८ मध्ये निश्चल शेट्टी, समीर म्हात्रे आणि सिद्धार्थ मेनन यांनी केली. नोव्हेंबर २०१९ मध्ये जगातल्या सर्वांत मोठ्या एक्स्चेंजने, बायनान्सने, वझीरएक्स विकत घेतल्याची घोषणा झाली. ग्राहकांना त्या नावाचा मोठा आधार वाटला. ऑगस्ट २०२२ मध्ये कर्ज देणाऱ्या बेकायदा ॲपच्या तपासात सक्तवसुली संचालनालयाने कंपनीची सुमारे ६५ कोटींची बँक खाती गोठवली. त्या धामधुमीत बायनान्सचे प्रमुख चांगपेंग झाओ यांनी जाहीर सांगून टाकलं की वझीरएक्स चालवणाऱ्या झन्माई लॅब्स या भारतीय कंपनीत बायनान्सचा एकही समभाग नाही, तो व्यवहार पूर्ण झालाच नव्हता. शेट्टी यांचं म्हणणं नेमकं उलट होतं. लाखो लोकांचे पैसे सांभाळणाऱ्या कंपनीचा मालक कोण, यावर दोन कंपन्यांचे संस्थापक समाजमाध्यमांवर वाद घालत होते. पुढे बायनान्सने वझीरएक्सला दिलेली वॉलेटची सेवा काढून घेतली आणि २०२३ पासून लिमिनलची व्यवस्था आली. चोरी झाली ती त्याच व्यवस्थेतल्या वॉलेटमधून.

एखाद्या कारखानदाराला नव्या पुरवठादाराबद्दल असं कळलं असतं, तर त्याने माल उचलण्याआधी कंपनी निबंधकाकडची कागदपत्रं मागवली असती. क्रिप्टोत मात्र ॲपची सफाई आणि जाहिरातीतले चेहरे यांनाच कागदपत्रांचं वजन आलं. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२४ अशी जवळजवळ दोन वर्षं हा वाद सर्वांसमोर पडून होता आणि तरीही पैसा येत राहिला. वझीरएक्सच्या प्रकरणातली ही दोन वर्षं कोणत्याही संचालक मंडळाने बारकाईने अभ्यासावीत अशी आहेत.

चोरीनंतर दहा दिवसांच्या आत कंपनीने नुकसान सर्वांमध्ये वाटून घेण्याचा प्रस्ताव मांडला. खात्यातली ५५ टक्के मत्ता वापरायला मिळेल, ४५ टक्के अडकून राहील, असा तो होता. ज्यांची नाणी चोरीला गेलीच नव्हती, त्यांनाही ही कात्री लागणार होती. ग्राहक संतापले आणि ते रास्तच होतं. मग कळलं की पालक कंपनी ‘झेटाई’ सिंगापूरची आहे, म्हणून पुनर्रचनेचा अर्ज सिंगापूरच्या उच्च न्यायालयात गेला. मुंबईत, नागपुरात, लातूरमध्ये बसून ॲपवर नाणी घेणारा माणूस आता सिंगापूरच्या कायद्याखाली ‘धनको’ झाला होता. असे धनको चाळीस लाखांहून अधिक होते. मतदान झालं, मत देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी योजनेला होकार दिला, पण जून २०२५ मध्ये न्यायालयाने ती नाकारली. योजना बदलून पुन्हा मतदान झालं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजुरी मिळाली आणि महिनाअखेरीस व्यवहार सुरू झाले.

मध्ये पंधरा महिने गेले. दावे मोजले गेले ते १८ जुलै २०२४ च्या भावाने. त्या दिवशी बिटकॉइन साधारण ६४ हजार डॉलरवर होतं, त्यानंतर वाढलेला भाव ग्राहकाच्या दाव्यात धरला गेला नाही. तुटीपोटी ‘रिकव्हरी टोकन’ मिळाली, म्हणजे पुढे नफा झाला किंवा चोरीचा माल सापडला तर त्यातून वाटा.

महाराष्ट्राला बँक बुडण्याचा अनुभव आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा पहिल्या दिवशी खातेदाराला फक्त हजार रुपये काढता येत होते. मुंबईत शाखांसमोर रडणारी म्हातारी माणसं अनेकांनी पाहिली आहेत. त्या प्रकरणात अन्याय झाला, उशीर झाला. पण निवेदन घेऊन जाण्यासाठी रिझर्व्ह बँक होती, ठेव विमा होता, त्याची मर्यादा २०२० मध्ये एक लाखाची पाच लाख झाली, आणि शेवटी दुसऱ्या बँकेत विलीनीकरणही झालं. क्रिप्टोच्या ग्राहकाला यातलं काहीच नव्हतं. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ मध्येच सावधगिरीचा इशारा दिला होता. एप्रिल २०१८ मध्ये तिने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं, आणि मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. बंदी उठली, पण तिच्या जागी ठेवीदाराला वाली देणारी व्यवस्था आली नाही. बंदी नाही म्हणजे संरक्षण आहे, असा अर्थ अनेकांनी घेतला आणि तो महागात पडला.

या पडझडीत दुसऱ्या एका एक्स्चेंजची गोष्ट व्यावसायिकांच्या अधिक कामाची आहे. बेंगळुरूच्या ‘कॉइनस्विच’ने आपल्या निधीपैकी सुमारे दोन टक्के वझीरएक्समध्ये ठेवला होता, साधारण ८० कोटी रुपये. तो अडकला. ग्राहकांना झळ बसू नये म्हणून कंपनीने स्वतःच्या गंगाजळीतून ती तूट भरली आणि वसुलीसाठी कायदेशीर लढाई सुरू केली. एकाच ठिकाणी ठेवलेला हिस्सा दोन टक्के होता, म्हणून ती कंपनी उभी राहिली. तो तीस टक्के असता तर एकाच्या बुडण्याने दुसरीही गेली असती. खजिना सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला हे नवं नाही. सगळ्या मुदत ठेवी एका बँकेत ठेवायच्या नाहीत, हे तो पहिल्या वर्षीच शिकतो.

*

पुण्याने याच्याही आधी मोठी किंमत मोजली आहे.

‘गेनबिटकॉइन’ची योजना २०१५ च्या सुमारास सुरू झाली. बिटकॉइन द्या, ‘क्लाउड मायनिंग’मधून दरमहा १० टक्के परतावा अठरा महिने घ्या, असं आश्वासन होतं. सुरुवातीला काहींना परतावा मिळाला. मग बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचं घरचंच टोकन हातात पडू लागलं, ज्याला बाहेर फारशी किंमत नव्हती. एजंटांची साखळी वाढत गेली. पुण्यात दत्तवाडी आणि निगडी पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल झाले आणि एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधार म्हणून अमित भारद्वाज यांना अटक केली. खटल्याचा निकाल लागण्याआधीच जानेवारी २०२२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. सक्तवसुली संचालनालयाने घोटाळ्याचा आकडा ६,६०० कोटी रुपयांच्या घरात सांगितला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरचे गुन्हे सीबीआयकडे सोपवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने साठहून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यात पुणे, नांदेड आणि कोल्हापूर होतं. हाती लागलेलं क्रिप्टो सुमारे २४ कोटींचं होतं.

या प्रकरणातला एक धागा फारसा चर्चेत येत नाही. आरोपींची वॉलेट उघडण्यासाठी तांत्रिक जाण असलेली माणसं पोलिसांना हवी होती. मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांना, ज्यांतले एक भारतीय पोलीस सेवेतले माजी अधिकारी होते, मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनीच अटक केली. तपासादरम्यान मिळालेल्या किल्ल्या वापरून त्यांनी काही नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये वळवली, असा आरोप आहे. तो सिद्ध व्हायचा आहे. पण जप्तीच्या मालाचं स्वरूपच बदललं आहे, हे त्यातून स्पष्ट होतं. जप्त केलेलं सोनं मालखान्यात ठेवून सील ठोकता येतं. वॉलेटची किल्ली असलेले बारा किंवा चोवीस शब्द ज्याने एकदा वाचले, त्याच्या डोक्यातून ते काढून घेता येत नाहीत. कंपनीतही हेच लागू होतं. नोकरी सोडून गेलेल्या वित्त अधिकाऱ्याने लॅपटॉप परत केला म्हणजे किल्ली परत केली, असं होत नाही. त्याच दिवशी नवं वॉलेट उघडून मत्ता तिकडे हलवावी लागते.

किल्ली एकाच माणसाकडे असली की काय होतं, याचा दाखला जयपूरशी जोडलेला आहे. कॅनडातल्या ‘क्वाड्रिगासीएक्स’ या एक्स्चेंजचे संस्थापक जेराल्ड कॉटन भारतात फिरायला आले असताना ९ डिसेंबर २०१८ रोजी जयपूरच्या रुग्णालयात वारले. वय तीस. महिनाभराने कंपनीने सांगितलं की ग्राहकांची नाणी ज्या वॉलेटमध्ये आहेत, त्यांचे पासवर्ड फक्त कॉटन यांना ठाऊक होते. जगभर हळहळ व्यक्त झाली. मग लेखापरीक्षकांनी खोदकाम केलं, तेव्हा ती वॉलेट त्यांच्या मृत्यूच्या कित्येक महिने आधीपासून जवळजवळ रिकामी असल्याचं उघड झालं. ओंटारिओच्या रोखे आयोगाने जून २०२० च्या अहवालात लिहिलं की कॉटन यांनी खोट्या नावांची खाती उघडली, त्यांत नसलेले पैसे जमा दाखवले आणि ग्राहकांशीच सौदे केले. ७६ हजार ग्राहकांचं सुमारे १७ कोटी कॅनेडियन डॉलरचं नुकसान झालं आणि त्याचा मोठा भाग या सौद्यांतून आला होता. २०१६ पासून तिथे कॉटन सोडून कारभारावर लक्ष ठेवणारं कोणीच उरलं नव्हतं.

पासवर्ड हरवला ही गोष्ट लोकांना पटली, कारण तसं खरोखर घडू शकतं. अफरातफर त्या समजुतीच्या आड लपली. आपल्याकडच्या कित्येक कुटुंबांच्या व्यवसायात सगळे हिशेब एका काकांच्या किंवा थोरल्या भावाच्या डोक्यात असतात. जमिनीचे सात-बारा आणि बँकेतलं नामनिर्देशन यांच्या आधाराने वारस कसाबसा मार्ग काढतात. वॉलेटला वारस कळत नाही. मालकाने जिवंतपणी लिहून, दोन ठिकाणी सुरक्षित ठेवून सोय केली नसेल, तर ती मत्ता त्याच्याबरोबरच संपते.

*

मोठ्या संस्था तरी शहाण्या असतील, हा समज नोव्हेंबर २०२२ मध्ये मोडला.

सॅम बँकमन-फ्राइड यांचं ‘एफटीएक्स’ तेव्हा जगातल्या मोठ्या एक्स्चेंजपैकी एक होतं. मुख्यालय बहामा बेटांवर होतं. त्यांचीच ‘अलामेडा’ ही सौदे करणारी कंपनी एफटीएक्सच्याच टोकनच्या आधारावर उभी असल्याची बातमी २ नोव्हेंबरला आली. बायनान्सने आपल्याकडची ती टोकन विकणार असल्याचं सांगितलं, ग्राहकांची पैसे काढायला झुंबड उडाली आणि ११ तारखेला दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला. ग्राहकांचे सुमारे ८०० कोटी डॉलर जागेवर नव्हते, ते अलामेडाकडे वळले होते. मार्च २०२४ मध्ये बँकमन-फ्राइड यांना २५ वर्षांची शिक्षा झाली.

दिवाळखोरीनंतर सूत्रं हाती घेतलेले जॉन रे यांनी याआधी एन्रॉनचा ढिगारा उपसला होता. इतका सपशेल ढासळलेला कारभार आपण आपल्या कारकिर्दीत पाहिला नाही, असं त्यांनी न्यायालयाला कळवलं. कंपनीकडे स्वतःच्या बँक खात्यांची नीट यादी नव्हती. खर्चाच्या मागण्या चॅटवर यायच्या आणि वरिष्ठ इमोजी टाकून मंजुरी द्यायचे. समूहातल्या अनेक कंपन्यांच्या संचालक मंडळाची एकही बैठक झालेली नव्हती. कंपनीच्या पैशातून बहामात घरं घेतली गेली होती. वाण्याच्या दुकानातल्या खतावणीतही यापेक्षा जास्त शिस्त असते.

तरीही पैसा घातला कोणी? सिंगापूर सरकारच्या ‘टेमासेक’ने साडेसत्तावीस कोटी डॉलर घातले. सिलिकॉन व्हॅलीतल्या ‘सिकोया’ने २१ कोटींहून अधिक घातले. ओंटारिओच्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीने साडेनऊ कोटी घातले. टेमासेकने तर आठ महिने छाननी केली होती. लेखापरीक्षित ताळेबंद तपासले होते, त्यात नफा दिसत होता. पुढे मे २०२३ मध्ये टेमासेकने संबंधित गुंतवणूक पथकाच्या आणि वरिष्ठ व्यवस्थापनाच्या मानधनात कपात केली. पथकाची चूक आढळली नव्हती, तरी सामूहिक जबाबदारी म्हणून. हा निर्णय दाद देण्यासारखा आहे. नुकसान झाल्यावर जबाबदारी खाली ढकलण्याची रीत सर्वत्र असताना, वरच्यांनी पगार कापून घेणं दुर्मीळच.

पण छाननीत राहिलं काय? नफा किती, बाजार किती मोठा, परवाने कोणते, हे विचारलं गेलं. ग्राहकांचे पैसे नेमके कोणत्या खात्यात आहेत, ते मालकाच्या दुसऱ्या कंपनीपासून कोणत्या भिंतीने वेगळे केले आहेत आणि ती भिंत ओलांडायला कोणाची परवानगी लागते, याचं खरं उत्तर मिळालं नाही. मोठ्या नावाने पैसे घातले की पुढचा गुंतवणूकदार त्याच्या छाननीवर विसंबतो, त्याच्यावर आणखी पुढचा. रांगेतला प्रत्येक जण पुढच्याने पाहिलं असेल असं धरून चालतो.

*

आता कंपनीचा स्वतःचा पैसा बिटकॉइनमध्ये ठेवण्याबद्दल. ही कल्पना अमेरिकेत ‘मायक्रोस्ट्रॅटेजी’ने रुजवली. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांनी २५ कोटी डॉलरना २१,४५४ बिटकॉइन घेतली आणि घेतच राहिले. २०२५ अखेर त्यांच्याकडे सहा लाखांहून अधिक होती. २०२२ च्या एका तिमाहीत या कंपनीला बिटकॉइनच्या मूल्यात ९१ कोटी डॉलरहून अधिक घट दाखवावी लागली आणि तिचे प्रमुख मायकेल सेलर मुख्याधिकारीपदावरून बाजूला झाले. तरी धोरण टिकलं, कारण बहुतांश मताधिकार त्यांच्याच हाती होता.

‘टेस्ला’ने २०२१ च्या सुरुवातीला दीडशे कोटी डॉलर घातले आणि २०२२ च्या मध्याला, भाव पडलेला असताना, तीन चतुर्थांश विकून ९३.६ कोटी डॉलर मोकळे केले. चीनमधल्या टाळेबंदीमुळे रोख रकमेची गरज भासेल, असं कारण दिलं गेलं. नंतर भाव कित्येक पटींनी चढला. टेस्लाचा निर्णय मूर्खपणाचा नव्हता. गंगाजळीचं कामच अडचणीच्या दिवशी हाताशी असणं हे आहे, आणि अडचणीचा दिवस आणि पडलेला भाव बहुधा एकदमच येतात. कामगारांचे पगार, पुरवठादारांची बिलं, जीएसटीचा हप्ता ज्या पैशातून द्यायचा, तो पैसा इथे ठेवू नये, एवढं त्यातून निश्चित समजतं. महाराष्ट्रातल्या मध्यम उद्योगांची गंगाजळी बहुधा हीच असते.

भारतात तर हिशेब आणखी कडक आहे. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर आहे. एका नाण्यात दहा लाख मिळाले आणि दुसऱ्यात दहा लाख गेले, तर खिशात शून्य राहतं, पण कर ३ लाख १२ हजार रुपये भरावाच लागतो, कारण तोटा वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर एक टक्का करकपात सुरू आहे. कंपन्यांना एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे किती क्रिप्टो आहे, त्यातून नफा-तोटा किती झाला आणि त्यासाठी कोणाकडून ठेवी किंवा आगाऊ रकमा घेतल्या, हे ताळेबंदाच्या टिपांत लिहावं लागतं. मार्च २०२३ पासून एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आले. तरीही इथल्या एका कंपनीने ही वाट धरली आहे. जेटकिंगचं नाव नव्वदच्या दशकात संगणक दुरुस्ती शिकलेल्या मराठी मुलांना ठाऊक असेल. मुंबईच्या त्या सूचीबद्ध कंपनीने अलीकडे आपल्या ताळेबंदात बिटकॉइन ठेवायला सुरुवात केली. असे निर्णय घेणाऱ्या मंडळाने भावाच्या अंदाजावर तासभर घालवला, तर किल्लीच्या व्यवस्थेवर दोन तास घालवावेत.

कारण घाव बसणारच, असं धरून तयारी करणाऱ्या कंपन्या तगल्या आहेत. बायबिटच्या चोरीच्या रात्री झोऊ स्वतः थेट प्रक्षेपणात आले, पैसे काढण्याची सोय चालू ठेवली आणि तीन दिवसांत कर्ज घेऊन व खरेदी करून तूट भरली. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी उभ्या केलेल्या ‘कॉइनडीसीएक्स’ या एक्स्चेंजमधून जुलै २०२५ मध्ये सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर गेले. ते कामकाजासाठी वेगळ्या ठेवलेल्या खात्यातले होते, ग्राहकांच्या वॉलेटमधले नव्हते. तोटा कंपनीने स्वतःच्या गंगाजळीतून सोसला. पोलिसांच्या तपासात वाट सापडली ती एका कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपपाशी. फरक पडला तो एवढ्यानेच की ग्राहकांचा पैसा आणि कंपनीचा पैसा खरोखर वेगळ्या तिजोऱ्यांत होता.

वेगळ्या तिजोऱ्यांचा हाच मुद्दा न्यायालयातही आला. वझीरएक्सच्या एका ग्राहकाचा अर्ज मद्रास उच्च न्यायालयात गेला होता. जानेवारी २०२४ मध्ये दोन लाखांच्या आतल्या रकमेत घेतलेली ३,५३२ एक्सआरपी नाणी खात्यात होती. ती चोरीला गेलेल्या प्रकारातली नव्हती, तरीही गोठली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्या. आनंद वेंकटेश यांनी निर्णय दिला की क्रिप्टो ही मत्ता आहे, ती बाळगता येते आणि दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून सांभाळताही येते. चोरीचा तोटा या नाण्यांवर लादण्याचा युक्तिवाद त्यांना पटला नाही. सिंगापूरमध्ये मंजूर झालेल्या योजनेचा आधार कंपनीने घेतला होता, पण पैसे भारतातल्या बँक खात्यातून गेले होते, व्यवहार भारतातून झाला होता, म्हणून हे प्रकरण इथे ऐकता येतं, असंही त्यांनी म्हटलं. या वादात लवादाचा निकाल लागेपर्यंत कंपनीने ९ लाख ५६ हजार रुपयांची बँक हमी द्यावी, असा आदेश झाला. हमी बँकेची आणि रुपयांत.